उतारशाळेचा राखणदार

बालाघाट जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शंभरात एकही नाही. नाताळच्या उपासनेला आमच्या मंडळीत जेवढी माणसं जमतात, त्याहून जास्त बैहरच्या आठवडी बाजारात मोहाच्या ढिगांभोवती दिसतात. तरीही इथली ख्रिस्ती सेवेची वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॅम्पार्ड यांनी बालाघाट मिशन सुरू केलं, पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. माझं माहेर नगरकडचं, मराठी मिशनच्या मंडळीतलं. लग्न होऊन गोंदियामार्गे इकडे आले आणि सरकारी दवाखान्यात नर्स झाले. नोकरीची बहुतेक वर्षं वर घाटावर, बैहर-परसवाडा भागात गेली. गोंड आणि बैगा वस्त्यांमध्ये मला कुणी नावाने ओळखत नसे. मी ‘सिस्टरबाई’.

निवृत्त झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, शब्बाथशाळेच्या मुलांना सेवेविषयी चार गोष्टी लिहून द्या. लिहायला बसले आणि मुलांपेक्षा मोठ्यांनाच सांगाव्यात अशा गोष्टी निघाल्या. आठवल्या तशा मांडते. लहानमोठेपणा त्यांचा त्यांनी ठरवावा.

१. आधी पाय बघावेत

कुष्ठरोग्याच्या घरी गेल्यावर नवी मुलगी पेशंटच्या तोंडाकडे बघते, बोटांकडे बघते, मग नजर चुकवते. जुनी नर्स खाली बसते आणि म्हणते, “दादा, पाय दाखव.” कारण या आजारात नस मरते आणि पाय बधिर होतो. काटा रुतला, चुलीजवळ भाजलं, चपलेचा खिळा वर आला, तरी माणसाला कळत नाही. तो त्याच पायाने जंगलात जातो, लाकडं आणतो, आणि आठवड्याने घाण वास येऊ लागला की घरचे त्याला पडवीत झोपवतात. बोटं आजाराने झडतात असं लोक समजतात. खरं तर ती न दुखणाऱ्या जखमांनी जातात.

उपाय साधा आहे, पण रोज करायचा आहे. पसरट घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, त्यात पाय वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. कातडी मऊ झाली की खरखरीत दगडाने घट्टे घासायचे, पण रक्त येईल इतके नाही. मग पाय पुसायचे नाहीत, ओल्यावरच तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत राहतं आणि टाचेला भेगा पडत नाहीत. आमच्याकडे मोहाच्या बियांचं गुल्लीचं तेल घरोघरी असतं, ते चालतं. शेवटी पाय उलटा करून तळवा डोळ्यांनी तपासायचा, कारण दुखणं सांगायला येणार नाही. पायात मऊ रबराची एमसीआर चप्पल, खिळा न मारलेली.

कॅथलिक मंडळीत उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाय धुण्याचा विधी असतो. बाराजण स्वच्छ पाय धुऊन येतात आणि मग ते पुन्हा धुतले जातात. विधीला माझा आक्षेप नाही. पण प्रभूने ज्यांचे धुतले ते पाय धुळीच्या रस्त्यावरून चालून आलेले होते आणि हे काम त्या काळी घरातल्या नोकराचं होतं. घमेल्यापुढे उकिडवं बसल्यावर हा भाग प्रवचनाशिवाय कळतो. गुडघेही लवकर सांगतात.

२. गोळी का सोडली ते विचारावं

कुष्ठरोगावरची बहुविध औषधं १९८०च्या दशकात आली. गोळ्यांच्या पाकिटात महिनाभराचा डोस असतो, पहिला डोस कार्यकर्तीसमोर घ्यायचा. सौम्य प्रकाराला सहा महिने, जास्त जंतू असलेल्याला बारा. औषध फुकट आहे, रोग बरा होतो. मग माणसं औषध मध्येच का टाकतात? आमच्या बैठकांत याचं एकच उत्तर ठरलेलं असे: अज्ञान.

परसवाड्याकडच्या एका लग्नाच्या वयाच्या पोरीने पाकिटं घेणं बंद केलं. घरी गेले तर ती मागच्या दाराने बाहेर. आईशी बोलत बसले, मोहफुलं वाळत घालायला हात लावला. बऱ्याच वेळाने पोरगी आली आणि म्हणाली, “काळी झाले.” क्लोफॅझिमिन नावाच्या औषधाने कातडी काळपट होते, हे आम्हाला पुस्तकात एका ओळीत शिकवलं होतं. तिच्यासाठी ती एक ओळ म्हणजे मोडलेली सोयरीक. कोर्स संपल्यावर रंग हळूहळू परत येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर ती रडली, मग भांडली, मग गोळी घेतली. ती अडाणी अजिबात नव्हती. तिला जे दिसत होतं ते आम्ही बघितलं नव्हतं, एवढंच.

३. गुनियाशी भांडू नये

बैगा वस्तीत आजारी माणूस आधी गुनियाकडे, म्हणजे वस्तीतल्या वैदूकडे जातो, मग आपल्याकडे. नव्या उत्साही मंडळींना हे सहन होत नाही. मला तो माणूस नेहमी उपयोगी पडला. त्याच्या अंगणात बसून चहा प्यायले, त्याच्या नातवाचा खोकला बघितला, आणि हळूच सांगितलं, “तुमचं तुम्ही करा, फक्त ज्या चट्ट्याला सुई टोचून कळत नाही तो आमच्याकडे धाडा.” त्याने धाडला. एकदा तर स्वतः बैलगाडीत बसून पेशंटबरोबर आला आणि डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची मागून घेतली.

या डोंगरात ऐकायची रीत जुनी आहे. नागपुरात १८४५मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंडांच्या कथा-गाणी टिपून ठेवत. १८६३मध्ये ते ओढ्याच्या पुरात बुडून गेले आणि ती टिपणं तीन वर्षांनी रिचर्ड टेम्पल यांनी छापली. जमिनीला आई मानणारा जुना बैगा नांगर धरायला तयार नसे, कारण आईची छाती फाडल्यासारखं होतं. त्याच्यापुढे सुधारित शेतीचं भाषण देण्याआधी हे ठाऊक असावं. ठाऊक असूनही त्याच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही हे खरं, पण निदान त्याच्या तोंडावर त्याच्या आईचा अपमान होत नाही.

४. शोमरोनी गेला, राखणदार राहिला

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर मी लहानपणापासून इतकी प्रवचनं ऐकली आहेत की याजक आणि लेवी कुठल्या बाजूने निघून गेले ते झोपेत सांगेन. लूकच्या दहाव्या अध्यायात शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत आणतो, रात्रभर बघतो, दुसऱ्या दिवशी राखणदाराच्या हातात दोन दीनार ठेवतो, जास्त लागलं तर परतताना देईन असं सांगतो आणि आपल्या कामाला जातो. पुढे? त्या माणसाची पट्टी कुणी बदलली? रात्री पाणी कुणी पाजलं? दोन दीनार संपल्यावर, शोमरोनी परत येईल की नाही हे माहीत नसताना, जेवण कुणी वाढलं? त्या राखणदाराला नाव नाही, संवाद नाही, त्याच्यावर एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, सगळी सेवा तिथेच आहे.

म्हणून मला व्हेरिअर एल्विन यांच्यापेक्षा शामराव हिवाळे जवळचे वाटतात. एल्विन सगळ्यांना माहीत आहेत: ऑक्सफर्डचा पाद्री, गांधीजींचा स्नेही, मोठा मानववंशशास्त्रज्ञ. शामराव आपल्याकडचे, मराठी ख्रिस्ती घरातले. दोघे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात भेटले. जमनालाल बजाजांनी गोंडांत काम करा असं सुचवलं आणि १९३२च्या सुरुवातीला दोघे तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात करंजियाला येऊन राहिले. आमच्या बैहरपासून मैकलच्याच रांगेत पुढे. गोंड सेवा मंडळ, शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम हे सगळं तिथे उभं राहिलं. लोक एल्विनना बडा भाई म्हणत आणि शामरावांना छोटा भाई. आमच्या बालाघाटच्या बैगांनाही जागा देणारा ‘द बैगा’ हा एल्विन यांचा ग्रंथ १९३९मध्ये आला. मैकल डोंगराच्या लोकगीतांचा संग्रह दोघांनी मिळून केला आणि नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधान जमातीवर शामरावांनी स्वतः पुस्तक लिहिलं, १९४६ साली. लिहिण्यात ते कमी नव्हते. पण बडा भाई लिहायला किंवा फिरायला गेला की दवाखाना, कोठार, भांडणं, कुष्ठाश्रम छोट्या भाईच्या गळ्यात. १९५०च्या दशकात एल्विन ईशान्य भारतात गेले, नेहरूंच्या आदिवासी धोरणाला दिशा देणारे झाले, त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शामराव मागे राहिले.

मी एल्विनना कमी लेखत नाही. शोमरोनी थांबलाच नसता तर जखमी माणूस रस्त्यावर मेला असता. पण आपल्या मराठी मंडळ्यांत शामरावांचं नाव दहा जणांनाही ठाऊक नसावं, ही गोष्ट मला बोचते. ज्या परधानांवर त्यांनी लिहिलं त्यांच्या पाटनगढ गावचा जनगढसिंह श्याम पुढे जगभर गाजलेला चित्रकार झाला. त्या गावाचं नाव निघालं की मला आधी छोटा भाई आठवतो.

५. मदतीला शेपूट नसावं

हा धडा लिहिताना हात थोडा अडखळतो, पण टाळला तर बाकीचे खोटे पडतील. १९५४मध्ये, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती तेव्हा, सरकारने मिशनरी कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. अहवाल १९५६मध्ये आला. त्यावर मग १९६८चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि आता २०२१चा. आमच्या मंडळीत या विषयावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सगळा कट. दुसरा दबक्या आवाजात म्हणतो, आपल्यातल्या काहींनी धान्याच्या पोत्याबरोबर पुस्तक दिलं, हे खोटं आहे का?

मी दुसऱ्या पक्षाची, आणि दबक्या आवाजाची गरज मला वाटत नाही. अहवालातला बराच भाग मला एकतर्फी वाटतो. तरी भुकेल्या माणसासमोर अट ठेवली की तो हो म्हणणारच, आणि ते हो त्याचं नसतं. एल्विन यांचं नागपूरच्या बिशपांशी बिनसलं त्यात हाही मुद्दा होता: दवाखाना चालवायचा, पण धर्मांतराची मोहीम चालवायला ते तयार नव्हते. पुढे त्यांनी चर्चच सोडलं. तेवढं टोक मला गाठायचं नाही. मी विश्वासू आहे आणि दर रविवारी उपासनेला जाते. कुणी विचारलं की हे का करता, तर सांगते की प्रभूमुळे. विचारलं नाही तर पट्टी बांधून घरी येते.

कवी ना. वा. टिळकांची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १८९३मध्ये ते राजनांदगावला निघाले होते, म्हणजे आमच्या गोंदियावरूनच जाणारी गाडी. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी साहित्यावर गप्पा झाल्या आणि त्याने उतरताना नवा करार हातात दिला. दोन वर्षांनी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या पुस्तकाबरोबर पोतं नव्हतं, नोकरी नव्हती. वाचायचं की फेकायचं हे टिळकांवर होतं. आणि याच टिळकांनी १९१७मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत.

६. फोटो

कंबल वाटताना फोटो काढू नये. काढलाच तर कंबल घेणाऱ्याला आधी विचारावं आणि तो नाही म्हणाला तरी कंबल द्यावं.

७. दया पुरत नाही, काम लागतं

१८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आमच्या मध्य प्रांतात आल्या होत्या. दुष्काळी छावण्या आणि अनाथ मुलींचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि शेकडो मुली-बायकांना पुण्याकडे नेलं. भूक काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे आईवडील आणि बहीण अशाच उपासमारीच्या दिवसांत गेले होते. पण रमाबाईंचं मोठेपण मला पुढच्या भागात दिसतं. केडगावला त्यांनी विहिरी खणून घेतल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल तिथल्याच मुली-बायकांनी जुळवलं, छापलं. १९२२मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागोमाग, १९२४मध्ये बाहेर पडलं.

आमच्या घाटावर बरे झालेले कुष्ठरोगी कामाच्या प्रश्नापाशीच अडत. रोग गेला, कागदावर शिक्का पडला, आणि हॉटेलवाला पाणी भरायलाही ठेवेना. बोटं आखडलेल्या एका माणसाला मंडळीतल्या लोकांनी वर्गणी काढून दोन शेळ्या घेऊन दिल्या. वर्गणीपेक्षा मोठी गोष्ट पुढच्या वर्षी झाली: मंडळीतल्या एकाने त्याच्याकडून बोकड विकत घेतला, बाजारभावाने, घासाघीस करून. घासाघीस ऐकून तो माणूस हसत होता. भीक मागणाऱ्याशी कुणी घासाघीस करत नाही.

८. चिडचिड झाली की घरी जावं

सेवा करणाऱ्या बायका चिडक्या होतात, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. दिवसभर गोड बोलून घरी सासूवर ओरडणारी, “मी नसते तर या लोकांचं काय झालं असतं” असं म्हणणारी. हे वाक्य तोंडात आलं की रजा टाकावी. प्रभूसुद्धा गर्दी सोडून डोंगरावर एकटा जात असे, आणि मागे न बरे झालेले रोगी असतच. मी वैनगंगेच्या घाटावर जाऊन बसत असे. प्रार्थनाही दरवेळी होत नसे, नुसतं पाणी बघायचं.

९. क्षमा मला अजून जमलेली नाही, पण पाहिली आहे

सिस्टर राणी मारिया आमच्याच राज्यातल्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करणाऱ्या. केरळच्या मुलीने इथल्या आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं, बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम हाती घेतलं. ज्यांचं व्याज बुडालं त्यांना ते रुचलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. त्याच्या सुटकेसाठीही घरच्यांनी शब्द टाकला. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं. माझ्याच्याने ती राखी बांधवली नसती. शब्बाथशाळेत मुलांना हे सांगताना मी प्रामाणिकपणे सांगते: हे मला येत नाही, तुम्ही माझ्याकडून शिकू नका, त्या बहिणीकडून शिका.

१०. एक काम, आजच करण्यासारखं

भारताने २००५च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही असं जाहीर केलं. देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी, हा त्याचा अर्थ. रोग संपला असा अर्थ घेऊन अनेकांनी बघणंच सोडलं. पण नवे रोगी आजही सापडतात, आमच्या जिल्ह्यातही सापडतात, आणि उशिरा सापडले की बोटं वाकलेली असतात. तेव्हा घरात कामाला येणारी बाई, शेतातला गडी, वर्गातलं पोर, कुणाच्याही अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्याला कौतुकाचं किंवा कीवेचं काही बोलू नका. गावच्या आशाताईला सांगा, नाहीतर स्वतः गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात न्या. तपासणीला पैसे पडत नाहीत, औषधालाही नाहीत. आणि पहिलं पाकीट मिळाल्यावर त्याला विसरू नका, दुसऱ्या महिन्याचं घेतलं का ते विचारायला पुन्हा जा.